तोंडाकडची बाजू

पाऊस उघडला की जव्हारातल्या लोकांना हायसं वाटतं आणि मला मळमळायला लागतं. आश्विनातलं पहिलं धड ऊन पडतं, अंगणाअंगणांत गोधड्या, सतरंज्या, चपला, दप्तरं वाळत पडतात, आणि चार महिने पेट्यांत कोंडलेला वास एकदम गावभर सुटतो. ओलं कुत्रं, डांबरगोळी आणि शिळा भात यांचा मिळून एक वास असतो तो. लोक त्याला वास म्हणतच नाहीत. ‘पावसाळ्याचं असतंच थोडं’ म्हणतात. थोडं म्हणे. माझ्या चामड्याच्या पट्ट्यावर दर वर्षी अशी हिरवी लव येते, की तो कमरेला बांधावा की त्यावर शेळी सोडावी ते कळत नाही.

या उघाडीत पेट्या उघडतात आणि पेट्यांच्या तळाशी डिस्क सापडतात. लग्नाच्या, बारशाच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या. भात लोंबीवर आलेलं असतं, कापणीला थोडा अवकाश असतो, हात जरा मोकळे असतात. मग लोकांना जुनं बघावंसं वाटतं आणि ते पिशवी घेऊन माझ्या दुकानाची पायरी चढतात. बाजारात झेरॉक्सची आणि ऑनलाइन अर्जांची दुकानं आता ढीगभर झाली आहेत, पण डिस्क घालायचा डबा सांभाळून बसलेला शहाणा मी एकटाच. बाकीच्यांनी तो कधीच भंगारात घातला. त्यांचं बरोबरच होतं.

कारण त्या डिस्क कशा अवस्थेत येतात ते एकदा बघावं. प्लॅस्टिकच्या पाकिटाला अशा चिकटलेल्या असतात की सोडवताना चर्रर आवाज येतो आणि सोबत चांदीचा पापुद्रा निघतो. कुणावर बुरशीची पांढरी नक्षी, कुणावर झुरळाच्या लेंड्या. वरच्या बाजूला कुणीतरी बॉलपेनने दाबून दाबून ‘चि. सौ. कां.’ कोरलेलं असतं. लोकांना वाटतं, जपायचं ते खालच्या बाजूला, वरती कितीही ओरखडा. खरं तर माल असतो तो वरच्या कागदाएवढ्या पातळ थराखालीच. खालून चरा गेला तर काहीतरी करता येतं, वरून गेला की संपलं. हे मी किती जणांना सांगितलं. मान डोलवतात, आणि माझ्या डोळ्यांदेखत डिस्कवर थुंकतात. हो, थुंकतात. ‘थांबा, पुसून देतो’ म्हणतात, थुंकी लावतात आणि शर्टाच्या टोकाने गोल गोल फिरवून घासतात. गोल फिरवून घासायचं नसतं, मधून कडेकडे सरळ पुसायचं असतं. पण ते पुढचं झालं. आधी ती थुंकी. ती डिस्क मला दोन बोटांत धरायची असते.

काही हुशार टूथपेस्ट लावून आणतात. ते मोबाईलवर बघितलेलं असतं. पुदिन्याचा वास येतो आणि ड्राइव्हच्या तोंडाला फेस लागतो.

आमची ही म्हणते, “एवढी शिसारी येते तर बंद करा ना तो डबा. कोणी बळजबरी केली आहे का तुमच्यावर?” तिचं खरं आहे. बळजबरी कोणी केलेली नाही. पण परवा एकाने पिशवीतून डिस्क काढली, तोच कुबट वास आला, आणि मला चार वर्षांपूर्वीची उघाडी आठवली. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

त्या वर्षी पाऊस नको इतका रेंगाळला होता. धुकं बाजारात भर दुपारी शिरायचं, दुकानातल्या कागदांचे गठ्ठे पापडासारखे वाकायचे, झेरॉक्स मशीन दोन कागद एकदम ओढायचं. मग एका दिवशी ऊन आलं आणि उन्हाबरोबर यमुनाबाई आल्या. सूर्यमाळच्या एका पाड्यावरच्या. तिशीच्या पुढची बाई, डोक्यावर पदर नीट घेतलेला, पायात चिखलाने वजनदार झालेल्या रबरी चपला. आधी मोखाड्याला दोन दुकानं हिंडून आल्या होत्या. तिथे त्यांना सांगितलं होतं, आता ही वस्तू चालत नाही, फेकून द्या.

त्यांनी कापडात गुंडाळलेली डिस्क टेबलावर ठेवली. कापड उलगडलं आणि मी खुर्ची मागे सरकवली. चकचकीत बाजूवर कुंकू होतं. एक बोट नव्हे, बोटांवर बोटं. जुनं काळं पडलेलं, त्यावर नवं लाल, मध्ये हळद, हळदीत रुतलेले तांदळाचे दाणे, आणि या सगळ्यावर चांगली पोसलेली राखाडी बुरशी.

“हे काय केलंय, बाई?”

“पूजेला होती. कोयता-विळ्यासंगती. दसऱ्याला.”

“अहो, पण या बाजूला? निदान पाठीवर तरी लावायचं.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अडाण्यासारखं बोललो. “पाठीला कोण कुंकू लावतो, भाऊ? ज्या बाजूला आपला तोंड दिसतं, ती तोंडाकडची बाजू. तिलाच लावला.”

त्यांच्या घरात दर दसऱ्याला अवजारांबरोबर ती डिस्क पाटावर मांडली जात होती, आणि मांडलेल्या वस्तूला कुंकू तोंडावरच लागतं. कंपनीने तोंड आणि पाठ उलटी का केली हा कंपनीचा प्रश्न. तरी मला त्या खरकट्या थराची किळस आलीच, खोटं कशाला बोलू.

त्यांचं काम मात्र साधं नव्हतं. त्या डिस्कवर त्यांच्या स्वतःच्या लग्नाचं शूटिंग होतं, आणि लग्न लावलं होतं त्यांच्या नवऱ्याच्या आत्याने, बुधीआत्याने. आमच्याकडे कितीतरी पाड्यांवर लग्न लावायला भटजी नसतो, धवलेरी असते. ती बाई गाणं म्हणते, एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते, आणि ते गाणं पुरं झालं की लग्न लागलं. बुधीआत्या त्या पाड्याची धवलेरी होती. यमुनाबाई तिच्या मागे उभं राहून गाणं धरायच्या, शिकत होत्या. अर्धं आलं आणि आत्या उन्हाळ्यात तापाने गेली. आता पुढच्या वैशाखात पुतणीचं लग्न होतं.

“दुसऱ्या पाड्याची धवलेरी आणा की,” मी म्हणालो.

“ती तिच्या देवांना हाका मारल. आमच्या मांडवात आमचंच देव यायला पायजेत.” मग म्हणाल्या, “पोराकडचं बोलतात, नाय जमत तर ऱ्हावं द्या. मोबाईलवर मंगलाष्टका लावू, स्पीकर जोडू. मोबाईलवर लगीन, भाऊ. कसा वाटल ता?”

मला घाणेरडं वाटलं. म्हणालो, ठेवून जा, बघतो.

पुसण्यातच पहिली दुपार गेली. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, जुन्या सुती बनियनचा तुकडा, मधून कडेकडे, मधून कडेकडे. बोटांना कुंकू लागलं ते जेवतानाही निघेना. लॅपटॉपला जोडायच्या बारक्या ड्राइव्हमध्ये डिस्क घातली, तर फाइलींची नावं दिसली. मी खूश झालो. कॉपी लावली. हिरवी पट्टी सुरू झाली, जरा सरकली आणि तिथेच बसून राहिली, अडेल म्हशीसारखी. आतून खट्, घर्रर, खट्. मग कॉम्प्युटर म्हणाला, फाइल वाचता येत नाही. पुन्हा करू का, वगळू का, थांबू का. मी पुन्हा म्हणालो. तोही पुन्हा तेच म्हणाला. माणसाशी असं कोणी बोललं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

बारक्या ड्राइव्हला वीज कमी पडते, म्हणून वायरचं दुसरं, जादा टोकही लॅपटॉपला लावून पाहिलं. एकेक फाइल वेगळी उचलून पाहिली. तीन आल्या. वऱ्हाड आलेलं, हळद लागलेली, जेवणावळ. जेवणावळीचं चित्रण तर एवढं जवळून, की लोकांच्या दातांतला भात दिसत होता. ते सगळं व्यवस्थित आलं. तपासताना मी आवाज बंदच ठेवतो. गाण्याची फाइल तेवढी येईना.

मग टेबलाखालचा जुना कॉम्प्युटर बाहेर ओढला. जुन्या ड्राइव्हची नजर दांडगी असते, नवीन पोकळ मालापेक्षा बरी. कवर उघडलं आणि हात मागे घेतला. आत पालीची अंडी. चार-पाच, पांढरी, ड्राइव्हच्या केबलला चिकटवलेली, एक फुटून वाळलेली. आणि पंख्यावर इतकी काजळी की बोट बुडेल. मी ते सगळं खरवडलं, डेटॉलने हात धुतले, लेन्स साफ केली, वाचायचा वेग सगळ्यांत खाली आणला. घाईघाईने वाचताना जिथे अडखळतो तिथे हळू वाचलं तर कधी कधी निभतं. दोनदा लाईट गेली. जव्हारात लाईट जायला पाऊसच लागतो असं नाही.

यमुनाबाई आठवड्याच्या बाजाराला यायच्या. येताना कधी काकडी आणायच्या, कधी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. बाकावर बसायच्या आणि त्या पट्टीकडे बघत राहायच्या.

“किती झाली?”

“निम्मी. अडकली.”

“आमची नाचणी बी तशीच हाय. निम्मी पिकली, निम्मी हिरवी,” म्हणायच्या आणि हसायच्या. मला हसू येत नव्हतं. कापणी सुरू झाली की त्यांना येता येणार नव्हतं, कापणी झाली की झोडणी, मग नवरा-बायको वीटभट्टीवर भिवंडीकडे. म्हणजे जे काय व्हायचं ते याच उघाडीत. परत निघाल्या की म्हणायच्या, “होईल ना, भाऊ?” आणि मी होईल म्हणायचो, आणि मला माझीच चीड यायची.

एक प्रोग्रॅम असतो, तो न वाचता आलेला भाग सोडून पुढे जातो. तो लावला, तर चित्राचे चौकोन चौकोन झाले, माणसं विटांसारखी ढासळली. ते पुसून टाकलं. शेवटी ऊन कडक झालं तेव्हा डिस्क दिवसभर कोरड्या तांदळात ठेवली, पुन्हा पुसली, आणि त्या जुन्या खटाऱ्याला लावून मी सरळ जेवायला घरी गेलो. परत आलो तर पट्टी गेलेली होती. फाइल आलेली होती. सबंध. मी ती उघडून पाहिली नाही. म्हटलं, ज्यांची आहे त्यांनी आधी बघावी.

यमुनाबाई त्या दिवशी बाजाराचं काही घेतल्याशिवायच आधी दुकानात आल्या. हात पदराला पुसले. मी फाइल लावली. मांडव दिसला, आंब्याची पानं, तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक रंगवलेली भिंत. मध्ये बुधीआत्या. बारीक, काळी, ताठ बाई. डोळे मिटलेले. तिने तोंड उघडलं.

आणि स्पीकरमधून हिंदी सिनेमातलं गाणं आलं.

ढमढम वाजणारं, साजन-बाजन असलेलं कुठलं तरी. मला वाटलं चुकून दुसरं काही सुरू झालं. बंद केलं, पुन्हा लावलं. तेच. पुढे सरकवलं, तर दुसरं गाणं, त्याच्या पुढे तिसरं. म्हातारी गात होती, मागच्या बायका तिचं धरत होत्या, सगळ्यांची तोंडं हलत होती, आणि त्यातून बाईचा नव्हे, कुणा भलत्याच गायकाचा आवाज येत होता. शूटिंगवाल्याने मूळ आवाज काढून टाकला होता. मिक्सिंग म्हणायचे त्याला. तेव्हा सगळ्याच लग्नांच्या डिस्क अशा व्हायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस मी बुरशीला शिव्या दिल्या, थुंकीला दिल्या, पालीला दिल्या, या बाईच्या कुंकवाला मनातल्या मनात दिल्या. आणि त्या बिचाऱ्या डिस्कचा काहीएक दोष नव्हता. तिने जे दिलं होतं ते जसंच्या तसं राखलं होतं.

मी शूटिंगवाल्याचा उद्धार सुरू केला. नालायक, काळीज नसलेली माणसं, देवाच्या गाण्यावर हा उकिरडा ओतायचा म्हणजे काय. बराच वेळ बोलत होतो. यमुनाबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “त्याला कशाला बोलता? मीच सांगितला होता.”

“तुम्ही?” मी त्यांच्याकडे वळलो.

“तो विचारायला आलेला. बोलला, म्हातारीचा असाच ठेवू का गाणी टाकू? मी दहावीपर्यंत आश्रमशाळेत होते ना. सगल्या मैत्रिणींच्या डिस्कमंदी गाणी होती. माना लाज वाटली. बोलले, तिचा आवाज काढा, गाणी टाका.” स्क्रीनवर त्या नवरीच्या मुंडावळ्यांत बसल्या होत्या, अठरा-एकोणीसची मुलगी, नाकाचा शेंडा वर करून. “गाणी पण मीच निवडली,” त्या म्हणाल्या.

मला काय वाटलं ते सांगतो. त्या क्षणी मला त्यांचीही किळस आली. आणि लगेच माझी आली, कारण माझ्या घरातल्या कपाटात माझ्या लग्नाची डिस्क आहे आणि तिच्यावर काय वाजतं ते मला ठाऊक आहे. आपण सगळ्यांनीच आपापल्या म्हाताऱ्यांचा आवाज मिटवून त्यावर दुसऱ्यांची गाणी लावली, पैसे देऊन लावली, आणि पेटीत जपून ठेवली. त्याला बुरशी येणार नाही तर काय येणार.

“आवाज बंद करता येईल का?” यमुनाबाईंनी विचारलं.

मी स्पीकरची वायर उपटली. त्या बाकावरून उठल्या आणि स्क्रीनच्या इतक्या जवळ बसल्या की त्यांच्या श्वासाची वाफ काचेवर धरली. “आता हलू चालवा.”

मी वेग कमी केला. बुधीआत्याचं तोंड सावकाश उघडत होतं, मिटत होतं. यमुनाबाईंचे ओठ तिच्याबरोबर हलू लागले. आधी नुसतेच, मग पुटपुट, मग बारीक सूर. येणारा भाग सहज गेला. जिथून पुढचं येत नव्हतं तिथे मला परत परत मागे न्यायला लावलं. “इथं ओठ उघडलं. परत न्या. ‘क’ हाय, मंग जीभ वर. कणसरी. कणसरीला बोलावली तिनं,” त्या म्हणाल्या. कणसरी म्हणजे त्यांची दाण्याची देवी. एकेक देव असा त्या म्हातारीच्या हलत्या ओठांतून शोधून काढला. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, मी त्यांना उद्या या म्हणालो. बाजार उठायची वेळ झाली तरी त्या बसून होत्या, आणि गाणं खरंच जुळत चाललं होतं. मी त्या वर्षात पहिल्यांदाच कुठल्या गोष्टीवर खूश होतो.

आणि मग स्क्रीनच्या कोपऱ्यातून एक गुलाबी बदाम आला. गोल गोल फिरत, चमचम करत मोठा होत मध्ये आला आणि बुधीआत्याच्या तोंडावर बसला. बदामात नवरा-नवरीचा फोटो. बाजूने गुलाबाच्या पाकळ्या पडतायत. म्हातारीचे खांदे दिसत होते, गळ्याची शीर ताणलेली दिसत होती, म्हणजे ती गात होती. तोंड दिसत नव्हतं. बराच वेळ तो बदाम तिथे धडधडत राहिला. सुटला तेव्हा ती पुढच्या देवापाशी पोचली होती.

“हा काढता येतो?”

“नाही.”

“त्याच्या मागं असल ना ती?”

“मागे काही नसतं, ताई. जे दिसतं तेवढंच.”

त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. पुन्हा एकदा. खालच्या वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांना विचारते म्हणाल्या, आणि पदर डोक्यावर घेऊन शेवटची जीप पकडायला गेल्या. त्या म्हाताऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. आत्याच्या मागे उभं राहून त्या नुसतं शेवटचं पद धरायच्या.

वैशाखात मी लग्नाला गेलो. सूर्यमाळला तेव्हा विहिरी खडखडीत झालेल्या, बायका टँकरच्या रांगेतून हंडे घेऊन तशाच मांडवात येत होत्या. आंब्याच्या पानांना धूळ लागलेली. बाजूला जनरेटरवर स्पीकर तयार होता आणि नवऱ्याकडचा एक माणूस मोबाईल हातात घेऊन उभा होता, लागलंच तर म्हणून. यमुनाबाई भिंतीवरच्या चौकापुढे उभ्या राहिल्या. मी फोन काढला, रेकॉर्डिंग लावलं, नीट पुढे धरला. इतकं पाहिल्यावर हे तरी करायलाच हवं होतं.

त्यांनी ते बघितलं आणि माझ्याजवळ आल्या. “नको, भाऊ. बंद करा.”

“अहो, राहू द्या. पुढे कुणाला लागलं तर?”

“अर्धा हाय ह्या. तुमच्या फोनमंदी ठेवलात तर उद्या पोरी ह्याच पुरा समजतील.”

मी फोन बंद केला. त्यांनी गायला सुरुवात केली. आवाज फार चांगला नव्हता, वरच्या सुराला चिरत होता, पण देव एकेक करून येत होते आणि मागच्या बायका पद धरत होत्या. कणसरी आली. तिच्या पुढच्या जागेवर त्या पोचल्या आणि थांबल्या. खोकला आला म्हणून नव्हे, विसरल्या म्हणूनही नव्हे. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ बंद. मागच्या बायकांना कळेना. ढोलवाल्याने काठी धरून ठेवली. नवऱ्याकडच्या माणसाने मोबाईल वर केला. तो बदाम जेवढा वेळ होता साधारण तेवढाच वेळ त्या गप्प उभ्या होत्या, आणि मग पुढच्या देवाचं नाव त्यांनी उचललं आणि लग्न लागलं.

नंतर जेवणाच्या पंगतीत एका थोराड बाईने त्यांना टोकलं, “मधीच का गं थांबलीस? श्वास लागला का?”

“नाय,” यमुनाबाई पत्रावळीवर भात वाढत म्हणाल्या. “तिथला आत्याकडं ऱ्हायला.”